बटण दाबलं, काहीच झालं नाही

अलोर सेतार
३ नोव्हेंबर १९९६

सू,

सलाम. तुझ्या मस्तुराच्या लग्नाचं पत्र मिळालं. मुलगा चांगला दिसतो, निदान फोटोत तरी. फोटोत तुझा भाऊही चांगला दिसायचा, आणि पुढे तसाच निघाला, म्हणून फोटोवर माझा विश्वास आहे.

‘पत्र कशाला, फोन करा,’ असं तू लिहितोस. फोनवर तू बोलतोस, मी हं म्हणते, आणि फोन ठेवल्यावर मला कळतं की मी कशाला तरी होकार देऊन बसले आहे. घराच्या वाटणीच्या वेळी तेच झालं. म्हणून पत्र.

केंदुरीच्या, लग्नाच्या गावजेवणाच्या, स्वयंपाकाची सूत्रं तू मला दिलीस, मोठ्या वहिनीचा, तुझ्या काक लोंगचा, मान राखलास. मांडव मागच्या दारी घालणार असशील, विहिरीजवळच्या सिमेंटवर, कारण पाणी जवळ पडतं. चार वर्षांपूर्वीही जवळच पडत होतं. तुझा भाऊ त्या ओल्या सिमेंटवर अनवाणी उभा होता आणि मशिदीचं नारळ खवायचं यंत्र त्याच्या हाताखाली होतं. नंतर सगळे म्हणाले, मोख्तारची वेळ भरली होती. वेळ अल्लाच्या हातात असते, मला मान्य आहे. वायर मशिदीच्या समितीच्या हातात होती.

घरात तेव्हाही ब्रेकर होता, शंभर मिलिअँप वीज गळली की पडणारा. तो पडला नाही. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. शंभरवाला घराला आग लागू नये म्हणून असतो. भिंती वाचवतो, माणसं भिंतींनी बघून घ्यावीत. माणसासाठी तीसवाला लागतो. वीज वाट सोडून कुणाच्या अंगातून जमिनीत उतरायला लागली, की तो तेवढ्यात सगळे सॉकेट बंद करतो. त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी आ केओंग वायरमनला ताइपिंगहून बोलावून तो बसवून घेतला, ती तुझ्या स्वयंपाकघराच्या दारावरची पांढरी पेटी. आता तर सरकारनेही तसा नियम केला आहे. हातात धरायच्या यंत्राच्या सॉकेटला तीसवाला हवाच. इथल्या वाचनालयात पुस्तक आहे. मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचते. नियम निघाला मोख्तार गेल्यावर दोन वर्षांनी. मोख्तार कुठेच कधी वेळेवर पोचला नाही, इथे मात्र नियमाच्याही आधी गेला.

माझं एकच मागणं आहे. त्या पेटीवर एक लहान बटण आहे. ते दाब आणि काय झालं ते मला लिही. उत्तर आलं की बसचं तिकीट काढते.

कल्सोम


कांपुंग सुंगाई बारू
१० नोव्हेंबर

काक लोंग,

सलाम. तुमचं पत्र मी घरात वाचून दाखवलं नाही. लग्नघर आहे, कुणी रडायला नको.

तयारी जोरात चालू आहे. दोन गुरं ठरली. मांडव इतका मोठा की अर्धा शेजाऱ्यांच्या अंगणात जातो. करावकेचा संच ताइपिंगहून येणार, पाक मान यांनी सहा गाणी आत्ताच राखून ठेवली आहेत. ते गायला लागले की लोक जेवून लवकर उठतात, तोही फायदाच.

यंत्राची काळजी सोडा. मशिदीने ते रंगवून घेतलं आहे. हिरवं. ओळखणार नाही तुम्ही.

आणि पेटीबद्दल तर विचारूच नका. पूर्वी ती किती छळायची ते तुम्हाला माहीत आहे. दुपारचं आभाळ कडाडलं की पडली, शेजाऱ्याच्या कोंबड्याने पंख झटकले की पडली. पण ईदनंतर एकदाही पडलेली नाही. गेल्या आठवड्यात मागच्या राम्बुतानवर वीज कोसळली, झाड उभं चिरलं, माझ्या हातातला कप फुटला, पेटी जागची हलली नाही. अशी पेटी सबंध गावात दुसरी नसेल.

बटण सवडीने दाबतो. तुम्ही तिकीट काढून टाका, शाळांच्या सुट्टीत गाड्या भरतात.

तुमचा शाफिई


अलोर सेतार
१५ नोव्हेंबर

सू,

राम्बुतान चिरलं आणि पेटी हलली नाही.

मी त्या पेटीबरोबर राहिलेली बाई आहे. आभाळ नुसतं खाकरलं तरी ती पडायची. मी उठायचे, स्टूल घ्यायचे, खटका वर करायचे, आणि पुन्हा येऊन निजायचे. त्या घरात मला वेळेवर हाक मारणारं तेवढंच कुणीतरी उरलं होतं. आता ती अशी शहाणी कशी झाली? ईदनंतर माणसं सुधारतात असं इमाम सांगतात. ब्रेकर सुधारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकते आहे. ईदला काय झालं, सू?

यंत्राला हिरवा रंग दिला ते छान केलं. हिरव्या रंगाने वीज अडते असं अजून पुस्तकात आढळलं नाही, पण माझी शेवटची काही पानं वाचायची राहिली आहेत.

रंगवताना त्याचा प्लग बदलला का? तो दोन पायांचा होता. आपले सॉकेट तीन भोकांचे. वरच्या भोकात साते भाजायची बांबूची काडी खुपसायची आणि खाली प्लग ढकलायचा, ही विद्या आपल्याकडे पोराला चालण्याआधी येते. ते वरचं भोक अर्थिंगचं आहे. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायची ती वाट. आपण त्या वाटेत काडी घालतो आणि मग वीज दुसरी वाट शोधते. अनवाणी माणूस तिला पुरतो.

सवड काढू नकोस. बटण दाब. मस्तुराला शेजारी उभी कर आणि दाब.

कल्सोम


कांपुंग सुंगाई बारू
२० नोव्हेंबर

काक लोंग,

घ्या. दाबलं बटण. मस्तुराला उभं केलं, तिच्या आईला उभं केलं, मांडववाला आला होता त्यालाही उभं केलं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको.

काहीच झालं नाही.

टक् असा आवाज आला आणि खटका खाली पडला, एवढंच. घरातलं एक काही बंद पडलं नाही. फ्रीजर गुरगुरत होता, टेबलफॅन फिरत होता, टीव्हीवरची बाई बातम्या देत होती. मी पुन्हा दाबून पाहिलं. खटका खालीच, आणि घर आपलं चालू. मांडववाला म्हणाला, ‘दादा, एवढी मजबूत पेटी मी पाहिली नाही, हिला स्वतःच्या खटक्याचीसुद्धा गरज नाही.’

झालं तुमचं समाधान? प्लग तोच आहे. काडी मात्र नवीन घेतली.

इथे माझ्या डोक्यावर चारशे माणसांचं जेवण आहे आणि माझी वहिनी मला बटणं दाबायला लावते आहे. भाऊ माझाही होता, काक लोंग. मीही त्याच सिमेंटवर उभा होतो. पण माणूस किती वर्षं भिंतीकडे बघत बसणार?

तिकीट काढलं का तेवढं कळवा.

शाफिई


अलोर सेतार
२४ नोव्हेंबर

सू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, मग बसून राहिले.

ते बटण दाबल्यावर घर बंद पडायला हवं. बटणाचं काम तेवढंच आहे. आपल्या हाताने थोडी गळती करायची आणि पेटी जागी आहे का ते बघायचं. तुझी पेटी जागी आहे. बिचारीने खटका टाकला. पण तिच्या पाठीमागून कुणीतरी वायर डायरेक्ट जोडली आहे. आता ती दारावर बसवलेल्या शोभेच्या पहारेकऱ्यासारखी आहे. चोर आला की शिट्टी वाजवते, आणि चोर मागच्या दाराने जेवून जातो.

हे काम तू करवून घेतलंस. ईदनंतर. का, ते तू सांगणार नाहीस, मीही विचारणार नाही. पण मी ओळखू शकते. तुम्ही सगळे घर बंद करून तुझ्या सासुरवाडीला गेला होतात, पाऊस झाला, पेटी पडली, आणि परत येईपर्यंत फ्रीजरमधलं सगळं नासलं. खरं ना? दुःख मी समजू शकते. त्यावर इलाज होता. फ्रीजरला वेगळी वायर ओढून शंभरवाल्यावर टाकायचा. मासा विजेने मरत नाही, तो मरूनच घरी येतो.

भाऊ तुझाही होता, हे तू लिहिलंस. ते खरं आहे, म्हणून त्यावर काही म्हणत नाही.

आता वाटणीचं. मला मूल नाही, म्हणून शरियतप्रमाणे घराचा चौथा हिस्सा माझा. फोनवर मी त्याबद्दल हं म्हणाले होते, लिहून काही दिलेलं नाही. चौथा हिस्सा कुठला घ्यायचा ते मी अजून ठरवलं नव्हतं. आज ठरवलं. मला खोल्या नकोत, माडी नको, राम्बुतानची जागा नको. स्वयंपाकघराच्या दारावर पेटी आहे तेवढी भिंत मला दे. बाकी तीन हिस्से आणि उरलेला चौथा, सगळं तुला. त्या भिंतीला मात्र माझ्याशिवाय कुणी स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही.

आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही तोवर मी येणार नाही. माझ्या हाताखाली चाळीस बायका ओल्या पायांनी वावरणार. त्यांच्यातल्या एकीच्या घरी जाऊन, तिची वेळ भरली होती असं मी सांगणार नाही. मला ते चांगलं जमत नाही. मी फक्त ऐकलेलं आहे.

कल्सोम


कांपुंग सुंगाई बारू
२९ नोव्हेंबर

माक लोंग,

सलाम. हे पत्र मी लिहिते आहे ते अब्बांना माहीत नाही. तुमचं पत्र त्यांनी वाचलं, घडी केली आणि पाहुण्यांच्या यादीखाली ठेवलं. मग तासभर कोंबड्यांवर ओरडत होते.

तुम्ही ओळखलंत ते खरं आहे. ईदला आम्ही आईच्या गावी होतो. परत आलो तर दारातच वास. शंभर रिंगिटांची कोळंबी होती. अब्बांनी नाकाला रुमाल बांधून सगळं केळीखाली पुरलं. दुसऱ्या दिवशी दिनला बोलावलं. तो मोटारसायकली दुरुस्त करतो. अब्बा त्याला म्हणाले, ‘ही पडायची थांबव.’ तो म्हणाला, ‘एवढंच ना, पाक सू?’ आणि थांबवली. अब्बांना खरंच वाटतं की त्याने ती दुरुस्त केली. मी त्यांची बाजू घेत नाही, पण ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं नाही.

काल अब्बा पत्रिका वाटायला गेले, तेव्हा मी बसने ताइपिंगला जाऊन आ केओंगना घेऊन आले. आता ते चष्मा लावतात. झाकण उघडून आत पाहिलं आणि पहिल्यांदा विचारलं, ‘बाई कुठे आहेत?’ म्हणजे तुम्ही. मी सांगितलं अलोर सेतारला. मग दिनची वायर काढून माझ्या हातात दिली. फ्रीजरला वेगळी लाईन ओढली. जाताना म्हणाले, बटण तू दाब.

मी दाबलं. माक लोंग, सगळं थांबलं. पंखा थांबला. आई आतून ओरडली, ‘कोण मेलं आता?’ आणि मग तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

अब्बा माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना मांजराला सांगतात, ‘हिला विचार, भात वाढणार का.’ पण त्यांनी पेटीला हात लावलेला नाही.

तुम्ही या. मी तुमच्याशिवाय मेंदी लावून घेणार नाही.

तुमची मस्तुरा


अलोर सेतार
२ डिसेंबर

मस्तुरा,

बाळ, शाबास. दिनची वायर जपून ठेव, नवऱ्याला दाखव. सासरी गेलीस की पहिल्या दिवशी त्यांचं बटण दाब. दुसऱ्या दिवशी दाबलंस तर खोडकर म्हणतील, पहिल्या दिवशी नवखी म्हणून माफ करतात.

माझा गुडघा सुजला आहे. बसमध्ये इतका वेळ बसवणार नाही. मेंदी लावून घे. पोस्टाने सोंगकेटचं जरीचं कापड पाठवते आहे, माझ्या लग्नातलं. आतल्या बाजूला एक डाग आहे, तो तुझ्या मोठ्या काकांनी सांडलेल्या सरबताचा. तो काढायचा प्रयत्न करू नकोस.

अब्बांना सांग, मांजराकडून माझाही सलाम.

माक लोंग


कांपुंग सुंगाई बारू
१० डिसेंबर

काक लोंग,

सलाम. लग्न झालं. तुम्ही आला नाहीत, पण तुमची भिंत हजर होती. तिने काय केलं ते तुम्हाला कळायलाच हवं.

सकाळपासून सगळं सुरळीत होतं. गुरं शिजत होती. नारळ खवायला माणूस कमी पडला म्हणून मी स्वतः यंत्राशी उभा राहिलो. पाऊस होऊन गेला होता, सिमेंट ओलं, पायात चपला नव्हत्या कारण त्या कुणीतरी घालून गेलं होतं. नवऱ्या मुलाची मंडळी ढोल वाजवत फाटकाशी पोचली. पाक मान चौथ्या गाण्यात होते. मी एका हाताने नारळ धरला, दुसऱ्या हाताने यंत्राचा पत्रा धरला, आणि हाताला काहीतरी चावलं. लाल मुंगी चावते तेवढंच. आणि सगळं बंद.

पंखे बंद, करावके बंद, मांडवातले दिवे बंद. पाक मान यांचा नुसता आवाज उरला, माइकशिवाय, आणि तो ऐकून तेही थांबले. ढोलवाले थांबले, त्यांना वाटलं आमच्याकडे काही अशुभ झालं. चारशे माणसं आणि कुणी बोलेना. नुसतं पागोळ्यांचं पाणी ऐकू येत होतं.

मी ओरडलो, खटका वर करा. कुणीतरी केला. मी पुन्हा यंत्राला हात लावला. पुन्हा मुंगी, पुन्हा बंद. तेव्हा दिन उठला. जेवता जेवता उठला, हात धुऊन, आणि म्हणाला, ‘पाक सू, दोन मिनिटं द्या, डायरेक्ट करतो.’ मी म्हणालो, कर.

आणि तुमची पुतणी मखरातून उठली. लग्नातली नवरी कधी मखरातून उठते का, काक लोंग? अंगावर तुमचं सोंगकेट, डोक्यावर एवढा मुकुट, नवरा फाटकाशी ढोलवाल्यांत खोळंबलेला, आणि ही साडेतीन किलो दागिने वाजवत सगळ्या मांडवातून चालत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. पेटीला पाठ लावून. दिन म्हणाला, ‘अगं सरक.’ ती म्हणाली, ‘आज मी एका दिवसाची राणी आहे ना? मग राणीचा हुकूम आहे. यंत्राचा प्लग काढा.’ दिनने माझ्याकडे पाहिलं. मी फाटकातून पुढे आलेल्या व्याह्यांकडे पाहिलं. व्याही म्हणाले, ‘राणीचा हुकूम मोडणं बरं नाही.’ सगळे हसले. माझ्यावर हसले.

प्लग काढला. मग सगळं चालू झालं आणि यंत्र सोडून काही बंद राहिलं नाही. नारळाचं दूध कमी पडलं, ताइपिंगहून डब्यातलं आणलं. रेंदांगच्या मांसाला ती चव आली नाही आणि प्रत्येकाने मला येऊन तसं सांगितलं. पाक मान बोलत नाहीत माझ्याशी. लोक म्हणतात, शाफिईच्या मुलीचं लग्न अंधारात झालं. भर दुपारी, काक लोंग.

तर झालं तुमच्या मनासारखं. अभिनंदन.

यंत्र मी मशिदीला परत केलं नाही. त्याची वायर मुळापासून कापली आणि ते केळीखाली पुरलं, कोळंबीच्या शेजारी. इमामांनी विचारलं तर सांगीन चोरीला गेलं. बायको विचारते, एवढा राग कसला, मुंगीच तर चावली. हाताकडे बघत बसलो तर म्हणते, सूज तर नाही.

ते यंत्र मी जिथे धरलं होतं, तिथेच त्यानेही धरलं होतं. डाव्या बाजूला, चाकाजवळ. तिथे हिरव्या रंगाखाली जुना रंग झिजलेला आहे.

एक विचारायचं राहिलं. ते बटण महिन्यातून एकदा दाबायचं की दोनदा? इथे कुणाला आठवत नाही.

शाफिई


अलोर सेतार
१५ डिसेंबर

सू,

महिन्यातून एकदा.

चपला घालत जा. डब्यातल्या दुधाचं रेंदांग मी इथे रोज खाते, माणूस मरत नाही. पाक मान यांना माझ्यातर्फे सांग की चौथं गाणं अर्धवट राहिल्याबद्दल मला वाईट वाटतं. हे खोटं आहे, पण तू माझ्यापेक्षा चांगलं सांगशील.

माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. ते यंत्र चालू झाल्याचा आवाज मला ऐकायचा नव्हता. आता ते केळीखाली आहे, तर सुट्टी संपल्यावर, गाड्यांना गर्दी नसेल तेव्हा येईन. माझी भिंत बघायची आहे.

तुझ्या पत्रातली एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचते, सगळं बंद झालं ती. मोख्तार गेला त्या दिवशी काहीच बंद झालं नव्हतं, सू. तुला आठवत असेल. तो खाली पडला होता आणि पंखा फिरत होता. तुम्ही त्याला उचलून माडीवर नेलं आणि खाली रेडिओवर ती बाई गात होती, तिचं गाणं संपलं, मग दुसरं लागलं. कुणाला रेडिओ बंद करायचं सुचलं नाही. मलाही नाही. घराला काही कळलंच नव्हतं.

म्हणून महिन्यातून एकदा बटण दाबशील तेव्हा लगेच खटका वर करू नकोस. पंखा पुरता थांबू दे. पागोळ्यांचं पाणी ऐकू येईल. मग कर.

काक लोंग